वाढीच्या चार वाटा आणि ठाण्याकडचे तीन उद्योग

धंदा वाढवायच्या वाटा मोजून चार, असे इगोर अॅन्सॉफ या व्यवस्थापनतज्ज्ञाने 1957 मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’तल्या लेखात मांडले. आहे तोच माल आहे त्याच बाजारात जास्त खपवणे, ही पहिली. तोच माल नव्या बाजारात नेणे, ही दुसरी. जुन्याच गिऱ्हाइकासाठी नवा माल काढणे, ही तिसरी. आणि माल व बाजार दोन्ही नवे, ही चौथी. पहिलीत जोखीम सर्वांत कमी, चौथीत सर्वांत जास्त. हा तक्ता व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात हटकून असतो. कोणती वाट कधी धरायची आणि धरलेल्या वाटेचा खर्च किती वर्षे सोसायचा, हे मात्र तक्ता सांगत नाही. ते कंपनीच्या प्रमुखाचे काम, आणि त्याचे नमुने पाहायला ठाणे जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ 1962 मध्ये स्थापन झाले आणि त्याची पहिली वसाहत ठाण्यातल्या वागळे इस्टेटमध्ये उभी राहिली. पुढे डोंबिवलीतही कारखाने आले.

डोंबिवलीतल्या कारखान्यांपैकी सर्वांत ओळखीचे नाव विकोचे. विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या नावाच्या आद्याक्षरांतून ते तयार झाले. नागपुरात किराणा दुकान चालवलेले केशव विष्णू पेंढरकर मुंबईत आले आणि 1952 मध्ये त्यांनी ही कंपनी काढली. पहिला माल म्हणजे वनस्पतींची दंतपावडर, ‘वज्रदंती’. ती घरोघर फिरून विकली गेली. केशवरावांनंतर कारभार त्यांचे पुत्र गजानन पेंढरकर यांच्याकडे आला. त्यांनी 1975 मध्ये हळदीचे मलम बाजारात आणले. अॅन्सॉफच्या भाषेत ही तिसरी वाट.

अडचण होती ती रंगाची. तोंडाला लावायची क्रीम पांढरी किंवा गुलाबी, अशी तेव्हा लोकांची सवय. हे मलम पिवळे. चेहरा पिवळा होईल, कपड्यांना डाग पडतील, या शंकेने दुकानदारच ते ठेवायला तयार नव्हते. मग विक्रेत्यांनी पिशवीत आरसा ठेवायला सुरुवात केली. दुकानात शिरायचे, गल्ल्यासमोर उभे राहून मलम चेहऱ्यावर चोळायचे, ते जिरले की आरसा पुढे करायचा. रंग काढून टाकून मलम पांढरे करणे हा सोपा मार्ग होता. तो घेतला नाही, आणि पिवळा रंग हीच पुढे मालाची ओळख झाली. दूरदर्शनवर 1984 मध्ये ‘ये जो है जिंदगी’ ही मालिका विकोच्या प्रायोजकत्वाने सुरू झाली, तेव्हा हे नाव देशभर गेले.

दुसरी कसोटी करखात्याकडून आली. विकोचा माल औषध की प्रसाधन, हा वाद 1978 मध्ये सुरू झाला. प्रसाधनांवरचे उत्पादन शुल्क आयुर्वेदिक औषधांपेक्षा कितीतरी जास्त होते. खात्याचा मुद्दा वरवर पटण्यासारखा होता: माल किराणा दुकानात मिळतो, त्याला वैद्याची चिठ्ठी लागत नाही, मग तो औषध कसा? कंपनीचे म्हणणे असे, की घटक आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतले आहेत आणि उत्पादन औषधाच्या परवान्यावर होते. वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि कंपनीच्या बाजूने लागला. चिठ्ठीशिवाय मिळते एवढ्यावरून औषधाचे प्रसाधन होत नाही, हा त्यातला धडा इतर उत्पादकांच्याही कामाचा. व्यवस्थापनाच्या दृष्टीने पाहिले तर कंपनीने आपण कोण आहोत याचे उत्तर एकदा ठरवले आणि ते टिकवायला वर्षानुवर्षे वकिलांची बिले भरली. जाहिरातीवरच्या खर्चाइतकाच हाही वाढीसाठीचा खर्च होता.

या हट्टाची दुसरी बाजूही आहे. पुढच्या काळात आयुर्वेदिक टूथपेस्टची लाट आली. पतंजली जोरात होती, कोलगेटनेही 2016 मध्ये ‘वेदशक्ती’ काढली. ज्या कंपनीने हा विचार आधीच लोकांच्या गळी उतरवला, तिचा माल आजही मोजकाच आहे. संयमाने ओळख टिकते, पण बाजार मोठा झाला की त्यातला मोठा वाटा दुसरे घेऊन जातात.

पितांबरीने नेमके उलटे केले. ठाण्याच्या या कंपनीची सुरुवात तांब्यापितळेची भांडी घासायच्या पावडरीने झाली. ज्या घरात चिंच आणि राख वापरत, त्याच घरात रवींद्र प्रभुदेसाई यांच्या कंपनीची पुडी पोहोचली. देवघरातली समई चकचकीत करणाऱ्या बाईलाच पुढे दिव्याचे तेल आणि अगरबत्ती विकता येते, हे कंपनीने ओळखले. मग गूळ आला, कोकणात रोपवाटिकाही आली. तिसरी वाट सावकाश चौथीला मिळते ती अशी. धोका असतो तो लक्ष वाटले जाण्याचा. गूळ आणि पावडर यांचे दुकान एक असले तरी कच्चा माल, टिकाऊपणा आणि हंगाम वेगळे. इथे प्रमुखाने प्रत्येक मालाचा स्वतंत्र हिशेब मागितला नाही, तर चालणारा माल न चालणाऱ्याला पोसत राहतो आणि ताळेबंदात ते उशिरा दिसते.

चौथ्या वाटेचे सर्वांत ठळक उदाहरण ठाण्याच्या पोखरण रस्त्यावर आहे. रेमंडची लोकरी कापडाची गिरणी 1925 ची, 1944 पासून सिंघानिया घराण्याकडे. गिरणीभोवती शहर वाढले, जमिनीचा भाव वाढला, शहराच्या मध्यात कापड विणणे परवडेनासे झाले आणि 2009 मध्ये ठाण्यातले उत्पादन थांबले. कंपनीने 2019 मध्ये इथली सुमारे 20 एकर जमीन 700 कोटी रुपयांना विकायचा व्यवहार जाहीर केला. त्याच वर्षी तिने उरलेल्या जमिनीवर स्वतः घरे बांधून विकायला सुरुवात केली. कापडवाला बांधकामात उतरला की बहुधा हात पोळतात. इथे दोन गोष्टी जमेच्या होत्या: जमीन आधीपासून ताब्यात होती, आणि ठाणेकरांना नाव चार पिढ्या माहीत होते. तरीही कापड विणणाऱ्यांचे कौशल्य बांधकामात चालत नाही. त्यासाठी वेगळी माणसे, वेगळे भांडवल, वेगळा हिशेब लागतो. तो शेवटी खरोखरच वेगळा केला गेला. जुलै 2025 मध्ये रेमंड रिअल्टी ही स्वतंत्र कंपनी म्हणून शेअर बाजारात नोंदली गेली.