उपवास, नोंबु आणि ख्रिस्ती व्रतविचार

मराठी ख्रिस्ती ग्रंथांत ‘उपवास’ हा शब्द इतक्या सहजपणे वावरतो की तो एका निराळ्या व्रतविश्वातून आलेला आहे, याचे सहसा भान राहत नाही. यज्ञाच्या आदल्या रात्री देवता यजमानाच्या घरी येऊन त्याच्या सन्निध राहतात. अतिथी जेवण्यापूर्वी यजमानाने जेवणे अनुचित, म्हणून त्याने अन्न वर्ज्य करावे, अशी उपपत्ती शतपथ ब्राह्मणात आहे. सन्निध राहणे हा मूळ अर्थ आणि न जेवणे हा त्याचा आनुषंगिक परिणाम. बौद्धांचा ‘उपोसथ’ याच धातूचा. हिब्रू धर्मशास्त्रात प्रायश्चित्ताच्या महादिनाविषयी जी आज्ञा आहे, तिची शब्दयोजना मात्र जिवाला क्लेश देण्याची आहे. मलयाळम् भाषेतील ‘नोंबु’ या अर्थाच्या अधिक जवळचा. सहन करणे, तप करणे या भावाशी त्याचे नाते आहे आणि केरळात तो ख्रिस्ती व मुसलमान दोघांच्याही उपवासाला चालतो. मराठी अनुवादकाने ‘लंघन’ हा वैद्याचा शब्द टाळून ‘उपवास’ स्वीकारला, तेव्हा क्लेशाच्या जागी सान्निध्य आले. हा लाभ की हानी, हे ख्रिस्ती उपवासाचा हेतू कोणता मानावा यावर अवलंबून आहे.

तो हेतू शुभवर्तमानांतही एकपदरी नाही. ढोंगी लोकांप्रमाणे म्लान मुखाने उपवास करू नये, डोक्याला तेल लावून तोंड धुवावे, असे येशू मत्तयाच्या सहाव्या अध्यायात शिकवतो. तेथे उपवास गृहीतच आहे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात मात्र वर सोबत असेपर्यंत वऱ्हाड्यांनी उपवास कसा करावा, असा त्याचाच प्रतिप्रश्न आहे. म्हणजे तेथे उपवास सान्निध्याचा नसून वियोगाचा ठरतो. व्युत्पत्तीने सुचवलेल्या अर्थाच्या हे नेमके उलट आहे, आणि मराठी वाचकाला ते क्वचितच जाणवते.

पुढच्या पिढ्यांचा उत्साह हस्तलिखितांतही उतरला आहे. मार्काच्या नवव्या अध्यायात भूतबाधा केवळ प्रार्थनेने निघते असे वचन आहे. पुष्कळ प्रतींत त्याला उपवासाची जोड मिळालेली दिसते. सर्वांत जुन्या प्रतींत ती नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रातील सातव्या अध्यायातही हाच प्रकार घडला आहे. पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा लेखनिकांनी केलेला प्रक्षेप वाटतो, आणि त्या लेखनिकांपैकी बरेचसे मठवासी व व्रतस्थ असावेत, असा तर्क करण्यास हरकत नाही.

वाळवंटातील चाळीस दिवसांची कथा भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षपूर्वक वाचावी. पुराणांत तपाने सामर्थ्य साचते, इंद्राचे आसन डळमळते, मेनका पाठवली जाते आणि तपोभंग झाला तर सामर्थ्याचा क्षय होतो. शुभवर्तमानात परीक्षक येतो तो भुकेलेल्याला सामर्थ्य वापरायला लावण्यासाठी: धोंड्यांच्या भाकरी कर, असे तो सुचवतो. येथे व्रत टिकते ते सामर्थ्य मिळवल्यामुळे नव्हे, तर ते स्वतःसाठी वापरण्यास नकार दिल्यामुळे. १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर स्टीफन्स यांनी ख्रिस्तचरित्र पुराणाच्या घाटात आणि ओवीत सांगितले. त्यांच्यासमोरचा नवख्रिस्ती श्रोता विश्वामित्राच्या कथा ऐकत वाढलेल्या समाजातला होता. त्या श्रोत्याच्या मनात या दोन परीक्षा शेजारी शेजारी उभ्या राहिल्या असणार. पुराण हा घाट निवडण्यातील साहस आणि धोका, दोन्ही त्यातच होते.

आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने वेगळेपण दाखवले ते मुख्यतः वाराने. ‘दिदाखे’ या प्राचीन ग्रंथात सोमवार-गुरुवार सोडून बुधवार-शुक्रवारी उपवास करावा असे सांगितले आहे, कारण पहिले दोन वार ‘ढोंगी’ लोकांचे. अन्न तेच, भूक तीच, भेद पंचांगाचा. इस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या काळाचा उल्लेख ३२५ च्या निकाया परिषदेच्या पाचव्या नियमात सापडतो. पाश्चात्त्य गणनेत राखेच्या बुधवारापासून इस्टरच्या पूर्वसंध्येपर्यंत ४६ दिवस होतात. त्यांतील सहा रविवार वजा करून चाळीस भरतात, कारण रविवार पुनरुत्थानाचा आणि त्या दिवशी उपवास निषिद्ध.

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या मराठी माणसाला पुढचा इतिहास परका वाटू नये. उपवास प्रथम दुपारी तीनच्या, म्हणजे नवव्या होऱ्याच्या प्रार्थनेनंतर सोडत. मग ती प्रार्थनाच हळूहळू अलीकडे सरकत माध्यान्हाला येऊन ठेपली. इंग्रजीत मध्यान्हाला ‘नून’ म्हणतात, त्याचे मूळ लॅटिन ‘नोना’त, म्हणजे नवव्या तासात आहे. संध्याकाळी मठात योहान कासियानच्या ‘कोलातियोनेस’ या ग्रंथाचे वाचन होई. त्या वेळी घेतल्या जाणाऱ्या अल्पाहारालाच पुढे ‘कोलेशन’ हे नाव मिळाले. फलाहाराचा ‘फराळ’ झाला आणि दिवाळीच्या ताटात चकली-करंजीपर्यंत पोहोचला, त्याच जातीचा हा शब्दप्रवास आहे. १५२२ मध्ये झुरिच येथे मुद्रक फ्रोशाउअर यांच्या घरी उपवासकाळात सॉसेज खाल्ले गेले आणि झ्विंग्ली यांनी त्याचे समर्थन केले. त्यांचा रोख भुकेविरुद्ध नव्हता. देवाने न घातलेले बंधन माणसाने घालावे का, एवढाच प्रश्न होता.

भारतात हा प्रश्न निराळ्या रूपाने पुढे आला. १५९९ मध्ये गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस यांनी उदयंपेरूर येथे भरवलेल्या धर्मसभेने मलबारच्या थोमा-ख्रिस्ती समाजाच्या आचारांची छाननी केली. पहाटे स्नान केल्याशिवाय उपवासाचे फळ नाही, ही त्या समाजातील समजूत सभेने त्याज्य ठरवली. हीन मानलेल्या जातींचा विटाळ मानण्याची रूढीही तिने निषिद्ध केली. गोव्यात १७३६ च्या इन्क्विझिशनच्या आदेशाने एकादशीच्या उपवासाला बंदी केली. ख्रिस्ती रीतीच्या उपवासांना मोकळीक राहिली. दिदाखेतील वारांचा भेद येथे दंडसत्तेच्या हाती गेला. ज्या बाईने आईकडून एकादशी घेतली आणि चर्चकडून शुक्रवार, तिच्या पोटाला या दोहोंतला फरक कसा कळावा?

या दोन्ही आदेशांत एक उणीव जाणवते. सभेने स्नानाला आणि विटाळाला आक्षेप घेतला तो मुख्यतः ते ‘अख्रिस्ती’ म्हणून. अधिक मूलगामी आक्षेप ख्रिस्ती परंपरेत हाताशी होता. यशयाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात मान लववून गोणपाटावर बसणाऱ्यांचा उपवास देव नाकारतो. त्याला हवा असलेला उपवास म्हणजे जुलमाची बंधने तोडणे आणि आपली भाकर भुकेल्याला वाटून देणे. दुसऱ्या शतकातील रोममध्ये रचल्या गेलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथाने तर हिशेबच घालून दिला: उपवासाच्या दिवशी केवळ भाकर आणि पाणी घ्यावे, एरवीच्या जेवणाला किती खर्च आला असता ते मोजावे आणि ती रक्कम विधवेला, अनाथाला किंवा गरजूला द्यावी. या दृष्टीने पाहता स्पर्श टाळून पाळलेला उपवास शुचिर्भूत असेल, पण तो अपुराच राहतो. ज्याला द्यायचे त्यालाच दूर ठेवलेले असते. क्लेश आणि सान्निध्य या दोन अर्थांतले भांडण येथे मिटण्याची शक्यता दिसते, कारण सन्निध कोणाच्या राहायचे याचे उत्तर यशया देवाऐवजी भुकेल्याकडे बोट दाखवून देतो.

१७ फेब्रुवारी १९६६ रोजी पोप पॉल सहावे यांनी रोमन कॅथलिकांसाठी नियम सैल केले. सक्तीचा उपवास राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार एवढाच राहिला. एक पूर्ण जेवण आणि सकाळ-संध्याकाळ थोडेसे अन्न चालते. प्रायश्चित्ताच्या अन्य रूपांत दानधर्मालाही स्थान मिळाले. नियमाची जागा विवेकाने घ्यावी, ही अपेक्षा रास्त होती. मात्र नियम गेला की विवेक आपोआप येतो असे नाही, हे अनेक कॅथलिक समाजांनी अनुभवले आहे.

केरळच्या सुरियानी परंपरेत याउलट दीर्घ व्रते टिकून आहेत. त्यांतील ‘मून्नु नोंबु’ हा तीन दिवसांचा उपवास निनवे नगराच्या पश्चात्तापाशी निगडित आहे. योना संदेष्ट्याच्या त्या कथेत राजा माणसांबरोबर गुराढोरांनाही चारापाणी वर्ज्य करायला सांगतो, आणि अखेरीस देव त्या पशूंचीही गणना करतो. कुरविलंगाड येथील चर्चमध्ये या तीन दिवसांतील मंगळवारी एक मोठे लाकडी जहाज मिरवणुकीने बाहेर निघते. वाहणारे ते खांद्यांवर घेऊन लाटांवर हेलकावल्यासारखे पुढेमागे झुलवतात; वादळ आणि पळून जाणारा संदेष्टा, दोन्ही त्यात असतात.