समूह शाळा: गावकऱ्यांचं म्हणणं काय, आणि ते नोंदवायचं कुठे?

आपली झेडपीची शाळा बंद होणार का? कमी पटाच्या गावांत आणि वाड्यांवर २०२३ पासून हा प्रश्न सारखा निघतोय. त्यामागे आहे शासनाची 'समूह शाळा' योजना.

नेमकी योजना काय?

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण विभागाने २० पेक्षा कमी पट असलेल्या शाळांसाठी समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. अशा शाळा तेव्हा राज्यात सुमारे १५ हजार होत्या. जवळपासच्या छोट्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, असा हा विचार. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ ही उदाहरणं त्यासाठी पुढे ठेवली गेली.

शासनाचं म्हणणं असं की, पाच-सात मुलांच्या शाळेत खेळायला, बोलायला सोबती मिळत नाहीत. मोठ्या शाळेत ग्रंथालय, मैदान, प्रत्येक वर्गाला शिक्षक देता येतो. ही बाजू अगदीच खोटी नाही. एकच गुरुजी चार वर्ग सांभाळतात, हे पालकही पाहतात.

मग विरोध कशाला?

शिक्षक संघटनांनी आणि पालकांनी विरोध केला तो मुख्यतः अंतरावरून. पहिलीतलं पोर ओढा ओलांडून कसं जाणार? पावसाळ्यात गाडी वाडीपर्यंत येईल का? गाडी बंद पडली तर त्या दिवशीची शाळा बुडाली. आणि शाळा लांब गेली की आधी मुलींचं शिक्षण थांबतं, ही भीती आहेच. 'गुणवत्ता' या शब्दाला कुणाचा विरोध नाही. पण तो कागदावर लिहिताना रस्त्याचा विचार झाला का, हा गावाचा सवाल आहे.

कायदा काय सांगतो?

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याखालच्या नियमांनुसार पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत हवी. जिथे ते जमत नाही, तिथे मुलांच्या वाहतुकीसारखी सोय करणं ही सरकारची जबाबदारी.

याच कायद्याने प्रत्येक झेडपी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शाळा विकास आराखडा करणं हे या समितीचं काम. पुढे पट किती राहील, शिक्षक किती लागतील, खोल्या, पाणी, स्वच्छतागृह काय हवं, हे त्यात येतं. शाळेला मिळणाऱ्या अनुदानाचं नियोजन याच आराखड्याच्या आधारे व्हावं, असं कायदा म्हणतो.

पालकांनी काय करावं?

मुख्याध्यापकांकडे आराखडा पाहायला मागा. बऱ्याच ठिकाणी तो नुसत्या सह्यांपुरता राहतो. वाडीपासूनचं अंतर, पावसाळ्यातला रस्ता, येत्या वर्षी पहिलीत येणारी मुलं हे सगळं त्यात लिहून घ्या. समितीच्या बैठकीत मांडलेलं इतिवृत्तात आलं का, ते बघा. ग्रामसभेत ठराव करून तो गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या आणि पोच घ्या.

ठराव केला म्हणून निर्णय थांबेलच, असं नाही. पण पारावरचं बोलणं फाइलीत जात नाही. अंतर आणि पटाचे आकडे लेखी दिले, तर त्यांचं उत्तर मागता येतं.