चेनसॉचा सायलेन्सर मोकळा करताय? आधी दात बघा

"मशीन ओरडतंय खूप, पण कापत काहीच नाही." ज्या घरात लाकूड कापायचं पेट्रोलचं मशीन आहे, तिथे पावसाळ्याच्या तोंडावर ही तक्रार हमखास ऐकू येते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते. आडव्या पडलेल्या आंबा, फणस, नारळ, सुपारीतून वाट काढताना चेनसॉ किती मोलाचं, हे तेव्हा कोकणाने पाहिलं. तुमची बाग कोकणात असो की कॉफीचा मळा कूर्गमध्ये, कुणीतरी तुम्हाला हा सल्ला दिलाच असेल : "सायलेन्सरचं भोक मोठं कर, मग बघ मशीन कसं पळतं!"

या सल्ल्यात तथ्य आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुणी सांगत नाही, आणि त्यापायी चांगली चालती मशीनं कायमची जाम होतात.

सायलेन्सर काय अडवतो?

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक असतं. पूर्ण वेगात ते मिनिटाला १२ ते १४ हजार फेरे घेतं आणि प्रत्येक फेऱ्याला एकदा पेटतं. म्हणजे सेकंदाला २०० वेळा किंवा त्याहून जास्त! एवढ्या घाईत जळका धूर पटकन बाहेर गेला, तरच आत ताजी हवा आणि पेट्रोल शिरायला जागा होते. सायलेन्सर म्हणजे एक छोटा डबा. आवाज आणि धूर नियमात बसावा म्हणून कंपन्या त्याचं तोंड बारीक ठेवतात. ते थोडं मोठं केलं की इंजिनाला श्वास घ्यायला सोपं जातं आणि जाड ओंडक्यात दम थोडा वाढतो. इथपर्यंत सल्ला बरोबर आहे.

खरा धोका पेट्रोलच्या स्क्रूत

आता इंजिन जास्त हवा ओढू लागलं, पण कार्बोरेटर पेट्रोल पूर्वीएवढंच सोडतोय. हवा जास्त, पेट्रोल कमी. असं मिश्रण जास्त गरम जळतं. गंमत म्हणजे, तेव्हा मशीन आणखी चपळ वाटतं, आवाज कसा तीक्ष्ण येतो, आणि माणूस खूश होतो. पण टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला लागणारं ऑइल पेट्रोलमधूनच येतं, त्याची वेगळी टाकी नसते. पेट्रोल कमी झालं की ऑइलही कमी झालं. उष्णता वाढली आणि वंगण घटलं, दोन्ही एकदम. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होतं. कधी महिन्याभराने, तर कधी पहिल्याच ओंडक्यात.

म्हणून सायलेन्सरला हात लावला, तर कार्बोरेटरही नव्याने लावायलाच हवा. त्यावर ‘एल’ आणि ‘एच’ अशी अक्षरं असलेले दोन बारीक स्क्रू असतात. एल कमी वेगासाठी, एच पूर्ण वेगासाठी. एच थोडा बाहेर फिरवला की पेट्रोल वाढतं. जाणता मिस्त्री हे टॅकोमीटर लावून, कंपनीच्या पुस्तिकेतला कमाल वेग बघून करतो. कानाचीही एक खूण आहे. मशीन लाकडाबाहेर पूर्ण रेस केलं की आवाज किंचित फडफडता, तुटक यावा. लाकडात शिरताच तो साफ, सलग व्हावा. लाकडाबाहेरही आवाज शिट्टीसारखा सलग येत असेल, तर पेट्रोल कमी पडतंय, लगेच थांबा. काही नव्या मशीनमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक कार्बोरेटर स्वतःच करतो. तिथे फिरवायला स्क्रूच नसतात.

आणि हो, भोक पाडणारा मिस्त्री स्क्रूचं नावच काढत नसेल, तर मशीन उचला आणि घरी या.

जाळी काढू नका, धुवा

सायलेन्सरच्या तोंडाशी एक बारीक तारेची जाळी असते. "दम खाते" म्हणून बरेच जण ती फेकून देतात. तिचं काम मात्र जळत्या काजळीचे कण बाहेर उडू न देणं हे आहे. एप्रिल-मे मध्ये काजूच्या बागेत वाळलेलं गवत गुडघाभर असतं. तिथे एक ठिणगी म्हणजे वणवाच! जाळी काजळीने बुजली की मशीन खरोखर मंदावतं. मशीन पूर्ण थंड झाल्यावर ती काढा, तारेच्या ब्रशने घासा, परत बसवा. बऱ्याचदा हवा होता तो दम एवढ्यातच परत येतो. सायलेन्सर उतरवलाच आहे, तर भोकातून टॉर्चने पिस्टनही बघून घ्या. त्यावर उभे ओरखडे दिसले, तर इंजिन आधीच घासलं गेलंय. अशा मशीनवर पुढचे प्रयोग नकोत.

दम हवा असेल, तर दातांकडे चला

चेनसॉच्या इतिहासातली मोठी झेप इंजिनाने घेतलेली नाही. १९४६ साली अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये जो कॉक्स नावाच्या लाकूडतोड्याने एक अळी ओंडका कशी पोखरते ते नीट पाहिलं. ती डावीकडे-उजवीकडे जबडा चालवत लाकूड कुरतडत होती. त्यावरून त्याने चेनचे वाकडे, एकाआड एक दिशेचे दात बनवले. आजच्या बहुतेक चेन त्याच वळणाच्या आहेत.

तुमची चेन धारदार आहे का, हे खाली पडलेल्या लाकडावरून कळतं. ढलप्या पडत असतील तर छान. पिठासारखा भुसा पडत असेल तर चेन बोथट आहे, आणि सायलेन्सर कितीही मोकळा केलात तरी मशीन नुसतं ओरडेल. पडलेल्या झाडाच्या सालीत माती-वाळू अडकलेली असते. तिच्यावर एकदा चेन घासली की धार गेलीच. योग्य मापाची गोल कानस घ्या, दातावरच्या खुणेच्या कोनात धरा आणि प्रत्येक दाताला सारखेच दोन-तीन हात मारा. एका बाजूला जास्त घासलंत, तर काप वाकडा जातो.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि अनेक छोट्या इंजिनांच्या पुस्तिकेत १० टक्क्यांपर्यंतचीच परवानगी असते. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मिश्रण आणखी कोरडं करतं. आधीच मोकळ्या केलेल्या सायलेन्सरला हे फार महागात पडतं. त्यामुळे मिसळलेलं पेट्रोल महिनोन्‌महिने कॅनमध्ये ठेवू नका. ५० ला १ असं प्रमाण सांगितलं असेल, तर १ लिटरला २० मिली टू-टी ऑइल, तेही मोजूनच घाला. अंदाजाने ओतू नका. एअर फिल्टर दर काही तासांनी झटका.

घरातल्यांनाही एक सांगणं. साधं चेनसॉही कानाशी १०० डेसिबलच्या वर आवाज करतं, आणि एवढ्या आवाजात कानांना संरक्षणाशिवाय दिवसाला सुमारे १५ मिनिटंच सुरक्षित मानतात. भोक मोठं केलं की आवाज आणखी चढतो. बाबा किंवा काका मशीन घेऊन निघाले, की चहाच्या थर्मासबरोबर कानाचे मफही हातात द्या, आणि मुलांना बागेच्या त्या टोकाला फिरकू देऊ नका.

एवढं करूनही मशीन ओंडक्यात अडतच असेल, तर बारची लांबी बघा. छोट्या इंजिनाला मोठा बार लावलेला असतो. तो बदलून लहान बार आणि त्याच्या मापाची चेन बसवा. मग सायलेन्सरला हात लावायची वेळ बहुधा येत नाही.