'फक्त ९९ रुपयांत पीडीएफ': शिक्षकांच्या ग्रुपवर विकायचं असेल, तर कसं?

रात्रीचे साडेनऊ. पिंप्राळ्यात राहणारी माझी मावशी जेवणं आवरून मोबाइल हातात घेते. ती जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. केंद्राचा ग्रुप, तालुक्याचा ग्रुप, संघटनेचा, तंत्रस्नेही शिक्षकांचा, शिवाय शिष्यवृत्तीचा वेगळा. दिवसभरात या सगळ्यांवर मिळून दोनशेच्या वर मेसेज जमलेले असतात.

त्यातच एक मेसेज होता. सर्व विषयांच्या वर्णनात्मक नोंदी, वर्षभराचं टाचण आणि निकालपत्रकाची एक्सेल फाइल, फक्त ९९ रुपयांत, आज रात्री १२ पर्यंत. खाली ओळखीच्या एका सरांनी लिहिलं होतं की मी घेतलं, फार उपयोगी आहे. मावशीने लगेच फोनवरून पैसे पाठवले. फाइल आली, ती दोन वर्षांपूर्वी याच ग्रुपवर फुकट फिरलेली निघाली. वरचं नाव तेवढं बदललेलं. कौतुक करणारे सर या विक्रीत भागीदार होते, हे आठवड्याभराने कळलं.

९९ रुपयांचं एवढं काय, असं मी म्हणून गेलो. तिला राग पैशांचा नव्हता. रोज सोबत चहा पिणाऱ्या माणसाने आपल्याला गिऱ्हाईक केलं, हे तिला लागलं होतं.

एवढी विक्री आली कुठून?

कागदपत्रांतून. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी, आकारिक आणि संकलित मूल्यमापनाचे गुण, श्रेणी, निकालपत्रक हे सगळं शिक्षकाच्या अंगावर पडलं. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम आला, त्यानंतर शाळांमध्ये व्हिडिओ, चाचण्या, ॲप बनवणाऱ्या शिक्षकांची लाटच आली. एकाने रात्री जागून एक्सेल शीट बनवायची आणि सकाळपर्यंत ती जिल्ह्याबाहेर पोहोचलेली असायची. बनवणाऱ्याला मिळायचे हात जोडलेले इमोजी.

ही देवाणघेवाण फुकट होती म्हणून ती किरकोळ होती असं नाही. चोपडा, यावल किंवा शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्याच्या पायथ्याच्या शाळेत पावरी बोलणारं मूल पहिलीत येतं. त्याच्यासाठी पावरी-मराठी शब्दांचे तक्ते कोणता मोठा प्रकाशक छापणार? असं साहित्य शिक्षकच शिक्षकाला देतो.

मग त्याच ग्रुपवर किंमत आली. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ग्रुपची मर्यादा २५६ वरून आधी ५१२ आणि मग १,०२४ केली. हजार शिक्षक एका जागी म्हणजे विक्रेत्यासाठी भरलेला आठवडे बाजारच.

आणि १ सप्टेंबर २०२५ नंतर तर मागणीला मोठंच कारण मिळालं. निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. वीस वर्षं शिकवणारी माणसं पुन्हा बालमानसशास्त्राच्या नोट्स शोधू लागली. नोकरीची भीती असलेला माणूस किंमत विचारत नाही.

मग विकणं चूकच का?

नाही. माझं मत स्पष्ट आहे: स्वतः बनवलेल्या कामाचे पैसे मागण्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. इंजिनीअरिंगला असताना सिनिअरच्या नोट्सची झेरॉक्स आम्ही पानाला एक रुपया देऊन घ्यायचो. त्यात झेरॉक्सवाला कमवायचा, नोट्स लिहिणारा नाही. न्यूयॉर्कमधल्या पॉल एडेलमन या शिक्षकाने २००६ मध्ये 'टीचर्स पे टीचर्स' हे संकेतस्थळ सुरू केलं. तिथे शिक्षक आपले धडे, वर्कशीट किंमत लावून विकतात. पण तिथे येणाऱ्याला आपण दुकानात आलोय हे माहीत असतं. व्हॉट्सॲप ग्रुपवर ते माहीत नसतं, आणि सगळी गडबड तिथेच होते.

म्हणून पहिला शिष्टाचार हाच: हे माझं आहे आणि याचे मला पैसे मिळतात, हे मेसेजच्या पहिल्या ओळीत लिहा. दुसऱ्याच्या साहित्याची शिफारस करताना कमिशन मिळत असेल, विकणारी व्यक्ती घरातली असेल, तेही लिहा. भारतीय जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे 'आस्की'ने, मे २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरसाठी हाच नियम केला. जाहिरातदाराशी आर्थिक नातं असेल तर पोस्टवर तसं दिसलं पाहिजे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीत शिफारस करणाऱ्यालाही दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तालुक्याच्या ग्रुपवर उद्या कुणी दंड लावायला येणार नाही. पण 'मी घेतलं, छान आहे' या चार शब्दांचं वजन कायद्यानेही मोजलंय, एवढं लक्षात असू द्या.

पूर्ण मेसेज असा असू शकतो: "नमस्कार. चौथी गणिताच्या ४० सराव पत्रिका मी तयार केल्या आहेत. किंमत ४९ रुपये. पाच पानं नमुना म्हणून सोबत जोडली आहेत. उत्तरसूची आहे. आवश्यक असल्यास वैयक्तिक मेसेज करावा." यात घाई नाही, 'शेवटचे ३ तास' नाही. तो एकदाच टाकायचा. कुणाच्या निधनाच्या मेसेजवर श्रद्धांजली सुरू असताना तर मुळीच नाही. (हे लिहावं लागतंय, कारण हे घडतं.)

सरकारी शिक्षकाला विकता येतं?

इथे बहुतेकांचा पाय घसरतो. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना १९६७ चे जिल्हा सेवा वर्तणूक नियम लागू आहेत, तर राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ चे वर्तणूक नियम. पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा व्यवसाय करायचा नाही, हे सूत्र दोन्हीकडे आहे. कधीमधी केलेल्या साहित्यिक, कलात्मक स्वरूपाच्या कामाला १९७९ च्या नियमांत सूट आहे. पुस्तक लिहिणं वेगळं आणि दर महिन्याला क्यूआर कोड टाकून पीडीएफ विकणं वेगळं.

'बायकोच्या नावावर आहे' हा उपायही वाटतो तेवढा पक्का नाही. १९७९ च्या नियमांत पत्नी किंवा कुटुंबातल्या व्यक्तीच्या विमा किंवा कमिशन एजन्सीसारख्या व्यवसायासाठी प्रचार करणं हाही नियमभंग मानलाय. शिक्षण हक्क कायदा, २००९ चं कलम २८ शिक्षकाला खासगी शिकवणी घेण्यास मनाई करतं. 'ऑनलाइन बॅच' विकणाऱ्यांनी ते आधी वाचावं. विकायचंच असेल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत लेखी परवानगी मागणं हा सरळ रस्ता आहे.

कुणाचं साहित्य, कुणाची किंमत?

पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानावर हक्क बालभारतीचे असल्याचं छापलेलं असतं. त्या पुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात, म्हणून त्या एकत्र करून विकण्याचा हक्क कुणाला मिळत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ वर्गात शिकवताना केलेल्या वापराला सवलत देतो, विक्रीला नाही.

याची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याबद्दल ग्रुपवर कमी बोललं जातं. एक जण ४९ रुपये देऊन फाइल घेतो आणि 'ज्ञान वाटल्याने वाढतं' म्हणत तीच चार ग्रुपवर टाकतो. बनवणाऱ्याची महिन्याभराची मेहनत तिथेच संपते. पुढच्या वेळी तो फाइलला पासवर्ड लावतो, नाहीतर बनवणंच सोडतो. फॉरवर्ड करण्याआधी बनवणाऱ्याला विचारा, आणि त्याचं नाव पुसू नका.

सर्वात अवघड ग्रुप कोणता?

केंद्रप्रमुखांचा. हा ग्रुप कार्यालयीन असतो, तो सोडता येत नाही. तिथे साहेबांनी एखाद्या सशुल्क ॲपची लिंक टाकून 'सर्वांनी पाहावे' लिहिलं, तर ती शिफारस राहत नाही. 'घेतलं का?' हे पुढच्या बैठकीत विचारलं जाईल, अशी धास्ती असते. ज्याच्या हातात तपासणी आहे, त्याने त्या ग्रुपवर काहीही विकू नये, विकणाऱ्याची लिंकही टाकू नये. या मुद्द्यावर मला मधला मार्ग दिसत नाही.

आणि एक तांत्रिक गोष्ट, कारण शिक्षण त्याचंच झालंय. काही 'निकालपत्रक' फाइल किंवा गुगल फॉर्म मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक भरायला सांगतात. तुमच्या मोबाइलवर किंवा संगणकावर राहणारी एक्सेल वेगळी आणि विक्रेत्याच्या फॉर्ममध्ये जाणारी माहिती वेगळी. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट आहे. ९९ रुपयांच्या फाइलसाठी वर्गातल्या ३० मुलांचे आधार क्रमांक अनोळखी माणसाकडे जायला नकोत.

'हमखास पास' मेसेजचं काय करायचं?

डिलीट आणि तक्रार. २०१९-२० च्या टीईटी गैरव्यवहारात साडेसात हजारांहून अधिक उमेदवारांवर परीक्षा परिषदेने कारवाई केली होती. नोट्स विकणारा अभ्यास करायला सांगतो. पास करून देतो म्हणणारा दुसरंच काही विकत असतो.

ॲडमिनने काय करावं?

सदस्याच्या मेसेजसाठी ॲडमिनला सरसकट जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये गोंदियाच्या एका प्रकरणात सांगितलं. त्यामुळे घाबरून ग्रुप 'ओन्ली ॲडमिन' करायची गरज नाही. नियम चार ओळींत ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये लिहा, जाहिरातीला आठवड्यातला एक दिवस द्या, स्वतःचं संबंध असलेलं काही असेल तर ॲडमिननेही तोच नियम पाळा. तोडणाऱ्याचा मेसेज ॲडमिनला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो.

ग्रुपमधून नंबर उचलून कुणी तुम्हाला परस्पर 'बॅच'च्या ग्रुपमध्ये टाकत असेल, तर व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग ग्रुप्स इथे जा आणि 'माय कॉन्टॅक्ट्स' निवडा. मावशीचं हे सेटिंग मी परवा करून दिलं.

त्यांच्या तालुक्याच्या ग्रुपवर आता रविवार जाहिरातींचा ठरलाय. गेल्या रविवारी तीन मेसेज आले. एकाखाली नमुन्याची पाच पानं होती. मावशीने ती झूम करून वाचली, एका गणितातली चूक विक्रेत्या बाईंना कळवली, आणि ४९ रुपये पाठवले.