दुर्बिणीतून फुप्फुसाची शस्त्रक्रिया

फुप्फुसाच्या कर्करोगाची गाठ लहान असताना, आजूबाजूला पसरण्याआधी सापडली, तर ती भोवतालच्या भागासह काढून टाकणे हा बरे होण्याचा सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. अमेरिकेत सेंट लुइस येथे १९३३ मध्ये एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी एका रुग्णाचे अख्खे डावे फुप्फुस काढले. तो रुग्ण पुढे ग्रॅहम यांच्यापेक्षाही जास्त वर्षे जगला. पुढच्या काळात पूर्ण फुप्फुसाऐवजी रोगट खंड तेवढाच काढण्याची पद्धत रुळली. उजव्या फुप्फुसाचे तीन आणि डाव्याचे दोन खंड असतात.

या शस्त्रक्रियेचा खरा जाच वाटेतल्या बरगड्यांचा. पारंपरिक पद्धतीत छातीच्या बाजूला लांबलचक छेद घेऊन दोन बरगड्या यंत्राने फाकवतात. प्रत्येक बरगडीच्या खालच्या कडेने एक मज्जातंतू जातो. तो दाबला वा ताणला गेला की जखम भरल्यावरही कित्येक महिने ठणका राहतो. साधे खोकणेही नको वाटते. खोकला नीट काढला नाही तर कफ साचून न्यूमोनिया होण्याची भीती असते.

१९९० च्या दशकात दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने ही वाट बदलली. एखाद-दोन लहान छिद्रे आणि चार-पाच सेंटिमीटरचा एक छेद एवढे पुरते. बरगड्या फाकवाव्या लागत नाहीत. भूलतज्ज्ञ दुहेरी नळी घालून एकाच फुप्फुसाला श्वास देतो आणि ज्यावर काम करायचे ते फुप्फुस मिटू देतो. कॅमेऱ्याचे चित्र पडद्यावर मोठे दिसते. सर्जन त्या खंडाची रक्तवाहिनी आणि श्वासनलिका एकेक करून मोकळी करतो आणि स्टेपलरने बंद करून कापतो. श्वासनलिका कापण्यापूर्वी स्टेपलर नुसता आवळून भूलतज्ज्ञाला फुप्फुस फुगवायला सांगतात. उरणारा भाग फुगला, तर पकडलेली नळी बरोबर आहे. कापलेला खंड पिशवीत घालूनच बाहेर काढतात, म्हणजे कर्करोगाच्या पेशी छेदाच्या जागी सांडत नाहीत. लसिकाग्रंथीही तपासणीसाठी काढतात. रोबोटच्या साहाय्याने केलेल्या शस्त्रक्रियेतही टप्पे हेच. फक्त सर्जन थोडा दूर बसून अवजारे चालवतो.

छेद लहान म्हणून कर्करोग कमी निघतो, ही शंका रास्त असली तरी खरी नाही. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेल्या ‘व्हायोलेट’ चाचणीत दोन्ही पद्धतींत रोग सारखाच निघाला. दुर्बिणीच्या रुग्णांना वेदना कमी झाल्या, आणि पाच आठवड्यांनंतर त्यांची हालचाल अधिक चांगली होती.

आता पूर्ण खंडही न काढता त्याचा छोटा उपखंड काढण्याकडे कल आहे. जपानमधील मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. फुप्फुसाच्या कडेकडची, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्यांपैकी उपखंड काढलेले ९४.३ टक्के, तर खंड काढलेले ९१.१ टक्के रुग्ण पाच वर्षांनी हयात होते. मात्र त्याच जागी रोग उलटण्याचे प्रमाण उपखंड काढलेल्यांत जास्त होते, म्हणून रुग्णाची निवड काटेकोर हवी. उपखंडाची सीमा डोळ्यांना दिसत नाही. त्याची रक्तवाहिनी बांधून शिरेतून हिरवा रंग सोडतात; खास प्रकाशात बाकीचे फुप्फुस हिरवे उजळते आणि काढायचा तेवढा भाग काळा राहतो.

शस्त्रक्रियेनंतर छातीत नळी ठेवतात. हवा झिरपणे थांबले की ती काढतात. रुग्णाला लवकर चालवतात, श्वासाचे व्यायाम करवतात. फुप्फुसाच्या मुख्य धमनीतून रक्तस्राव झाला, तर छाती उघडावी लागते. तसे करणे हे अपयश नव्हे, सुरक्षिततेचा निर्णय आहे.

भारतात आणखी एक अडचण आहे. जुन्या क्षयरोगाने फुप्फुस छातीच्या भिंतीला चिकटलेले असते आणि ग्रंथी दगडासारख्या कडक झालेल्या असतात. त्या धमनीपासून सोडवणे जिकिरीचे काम. त्याहून मोठे नुकसान निदानात होते. एक्स-रेवरची सावली क्षयाची समजून, थुंकीत जंतू नसतानाही महिनोन्‌महिने औषधे दिली जातात आणि दुर्बिणीने काढता आली असती ती गाठ तोवर पसरते. म्हणूनच बेडक्यात जंतू सापडत नसतील किंवा उपचाराने सावली ओसरत नसेल, तर लगेच सीटी स्कॅन आणि गाठीचा तुकडा तपासणे आवश्यक असते.