आर्यभट्टाच्या नावाचा जीवाणू

एप्रिल 2005 मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय बलून केंद्रातून एक महाकाय फुगा आकाशात झेपावला. त्याच्याखाली 459 किलो वजनाची उपकरणं होती आणि त्यांत द्रवरूप निऑनमध्ये बुडवलेल्या, निर्जंतुक व निर्वात केलेल्या पोलादी नळ्या. 20 ते 41 किलोमीटर उंचीवरची हवा त्यांत भरून घेतली गेली आणि नळ्या पॅराशूटने खाली उतरवल्या. ‘इस्रो’च्या या प्रयोगाचे प्रमुख संशोधक होते पुण्याच्या ‘आयुका’चे जयंत नारळीकर. जीवनाची बीजं अंतराळातून पृथ्वीवर येत असावीत, असं त्यांचे गुरू फ्रेड हॉयल म्हणत. ते खरंच तपासून पाहायचं होतं.

नमुने हैदराबादच्या सीसीएमबी आणि पुण्याच्या एनसीसीएस या संस्थांनी तपासले. जीवाणूंच्या 12 आणि बुरशीच्या 6 वसाहती उगवल्या. आता प्रश्न उरला तो सूक्ष्मजीवशास्त्राचा: हे आहेत तरी कोण?

वाघ-सिंहांत गोंधळ होत नाही, कारण ते दिसतात वेगळे. जीवाणूंना ती सोय नाही. काडीसारखे हजारो, गोळीसारखे हजारो. 1884 मध्ये हान्स क्रिस्तियान ग्राम यांनी शोधलेली रंगक्रिया आजही पहिल्या दिवशी होतेच, पण तिने फार तर दोन मोठे गट पडतात. नेमकी ओळख लागते ती 16एस या जनुकातून. प्रथिनं घडवणाऱ्या रायबोसोमचा हा भाग प्रत्येक जीवाणूत असतो, आणि त्यात फार फेरफार झाले तर पेशी जगतच नाही. म्हणून तो अतिशय सावकाश बदलतो. त्याच्या सुमारे 1500 अक्षरांत कोट्यवधी वर्षांची वंशावळ टिकून राहते. याच रेणूच्या आधारे कार्ल वूस आणि जॉर्ज फॉक्स यांनी 1977 मध्ये आर्किया हा जीवसृष्टीचा स्वतंत्र गट दाखवून दिला. विसाव्या शतकातल्या जीवशास्त्रात इतकं मूलगामी काम थोडंच झालं असेल.

फुग्यातून आलेले बहुतेक जीव पृथ्वीवरच्या माहीत असलेल्या प्रजातींशी 98 टक्क्यांहून अधिक जुळले. तीन जीवाणू मात्र वेगळे वाटले. मग दुसरी कसोटी: दोन जीवाणूंचा डीएनए तापवून सुटा करायचा, एकत्र थंड करायचा आणि परक्याशी किती जोडी जमते ते मोजायचं. 70 टक्क्यांखाली जमली तर प्रजाती वेगळी, हा 1987 पासूनचा संकेत. तिघेही नवे ठरले. 2009 मध्ये त्यांची नावं प्रसिद्ध झाली: जॅनिबॅक्टर हॉयलेई, बॅसिलस इस्रोनेन्सिस आणि बॅसिलस आर्यभट्टाय.

नाव देण्याचा नियम कडक आहे. वनस्पतीचा वाळवलेला नमुना चालतो. जीवाणू जिवंतच ठेवावा लागतो, तोही किमान दोन देशांतल्या संग्रहांत. म्हणून ‘बी8डब्ल्यू22’ हा आर्यभट्टायचा मूळ वाण चंदीगडला आणि जपानमध्येही जमा झाला. पुढे जे घडलं, ते या नियमामुळेच शक्य झालं.

संपूर्ण जनुकसंच वाचणं स्वस्त झालं, तेव्हा तोच वाण अक्षर-अक्षर ताडून पाहता आला. एकाच प्रजातीसाठी 95-96 टक्क्यांची जी सीमा मानतात, तिच्या आत तो बॅसिलस मेगाटेरियमशी जुळला. हा तर मातीत सर्रास आढळणारा जुना जीवाणू! 2019 मध्ये संशोधकांनी दोन्ही एकच असल्याचं मांडलं. 2020 मध्ये मेगाटेरियमही बॅसिलसमधून निघून प्रीस्टिया या नव्या वंशात गेला. इस्रोनेन्सिस सोलिबॅसिलसमध्ये हलवला गेला.

मला यात 2009 च्या संशोधकांची चूक दिसत नाही. डीएनए जोडीची कसोटी प्रयोगशाळेगणिक थोडी बदलते. त्या काळी उपलब्ध असलेलं सर्वांत चांगलं साधन त्यांनी वापरलं आणि वाण कुणालाही तपासता येईल असा ठेवला. हे जीव परग्रहावरून आल्याचं निर्णायकपणे सिद्ध झालेलं नाही, हे ‘इस्रो’नेही तेव्हाच स्पष्ट केलं होतं. तिघेही अतिनील किरणांना आपल्या जवळच्या भाऊबंदांपेक्षा अधिक तग धरतात, हे निरीक्षण मात्र नावं बदलली तरी उरतंच. जमिनीवरचा जीव इतक्या उंचीवर कसा पोचतो आणि तिथे कसा टिकतो, हा प्रश्नही मला परग्रहाइतकाच मोठा वाटतो.

आर्यभट्टाय या नावाने नोंदवलेले वाण पुढे मध्य भारतातल्या काळ्या जमिनीतही सापडले. सोयाबीन आणि गव्हाला जस्त मिळवून देण्यासाठी 2014 मध्ये त्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले.