गालावरचा गुलाबी रंग

उल्हासनगरच्या कॅम्प चारमध्ये माझ्या मित्राच्या घरी, बाहेरच्या खोलीत, त्याच्या दादीचा फोटो टांगलेला आहे. १९४६ साली शिकारपूरच्या एका स्टुडिओत काढलेला. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, हात मांडीवर, नजर सरळ. फोटो मूळचा काळा-पांढरा. त्यात रंग भरले ते इकडे आल्यावर, वीसेक वर्षांनी, बाजारातल्या एका फोटोवाल्याने, ब्रशने. गाल गुलाबी, ओढणी आकाशी. जवळ जाऊन पाहिलं की कानापाशी गुलाबी रंग कडेच्या बाहेर गेलेला दिसतो.

बदलापूरहून लोकलने तिकडे जाताना मनात यायचं, फाळणीआधीचे, महायुद्धाआधीचे खरे रंग कुणी टिपलेच नसतील का?

टिपले होते. ज्या ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा खेळ मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी झाला, त्यांनीच १९०७ मध्ये ऑटोक्रोम बाजारात आणलं. बटाट्याच्या स्टार्चचे अतिसूक्ष्म कण नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात रंगवायचे, एकत्र कालवायचे आणि काचेवर पसरायचे. त्या कणांतून गाळून आलेला प्रकाश काचेवर रंगीत चित्र उमटवी. अल्बेर काह्न या फ्रेंच बँकरने १९०९ पासून आपले छायाचित्रकार जगभर पाठवले. माणसं एकमेकांना ओळखू लागली तर लढणार नाहीत, अशी त्याची श्रद्धा होती. त्या छायाचित्रकारांपैकी स्तेफान पासे १९१३ च्या अखेरीस मुंबईत उतरला. पुढच्या ऑगस्टमध्ये महायुद्ध पेटलं आणि याच बंदरातून पलटणी मेसोपोटेमियाकडे निघाल्या, मराठा पलटणीसुद्धा. काह्न १९२९ च्या मंदीत बुडाला. त्याच्या सुमारे ७२,००० काचा आज पॅरिसजवळच्या संग्रहालयात आहेत.

या चित्रांत एक गोष्ट मला फार लागते. ऑटोक्रोमला भर उन्हातही एखाद-दोन सेकंद लागत, सावलीत बरेच जास्त. हललेला माणूस पुसट व्हायचा. म्हणून त्यांतलं रोजचं जगणं हे कुणीतरी सांगितल्यावर हातातलं काम थांबवून उभं राहिलेलं जगणं आहे. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्या माणसांना ठाऊक नाही. आपल्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच एखाद्या फेट्याचा लाल डोळ्यांत खुपतो.

कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आली १९३५-३६ मध्ये. आता चालता माणूसही पकडता येऊ लागला. पण फिल्म महाग, आणि धुवायला कंपनीच्याच प्रयोगशाळेत पाठवावी लागे. साहजिकच ती परदेशी पाहुण्यांच्या, साहेबांच्या आणि सैनिकांच्या कॅमेऱ्यात असायची. दुसऱ्या महायुद्धात कलकत्त्यात आलेल्या काही अमेरिकी सैनिकांनी तिथल्या रस्त्यांचे रंगीत फोटो काढले. त्याच रस्त्यांवर १६ ऑगस्ट १९४६ ला दंगल उसळली. ते रंग सैनिकांबरोबर अमेरिकेत गेले. आपल्याच रोजच्या जगण्याचे रंग पाहायला आपल्याला परक्याचं दार ठोठावावं लागतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

त्याच युद्धासाठी कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली होती. फाळणीनंतर तिच्या लांबच लांब बॅरकींत सिंधी निर्वासितांना आणलं गेलं. दोन कुटुंबांमध्ये पोत्याचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते इथे पायाभरणी झाली आणि कल्याण कॅम्पचं उल्हासनगर झालं. पत्त्यात बॅरक नंबर मात्र आजही लिहितात.

दादी कराचीहून बोटीने आली. सामानात तो एकच फोटो होता, कपड्यांच्या घडीत ठेवलेला. मागच्या दिवाळीत मी तिला शिकारपूरच्या बाजाराबद्दल विचारलं. तिथल्या ढाक बाजाराला वरून छप्पर, त्यामुळे भर दुपारीही आत गारवा, असं सांगता सांगता ती उठली, भिंतीपाशी गेली आणि काचेवर बोट ठेवलं.

"ही ओढणी हिरवी होती," ती म्हणाली. "फोटोवाल्याला मी तेव्हाच सांगितलं होतं. त्याच्याकडे तो हिरवा नव्हता."

"कसला हिरवा?" मी विचारलं.

ती बराच वेळ खोलीभर नजर फिरवत राहिली. पडदे पाहिले, माझा शर्ट पाहिला, फराळाच्या ताटाखालचं केळीचं पान पाहिलं, आणि मान हलवली.